मामाचं ब्लेड, भाच्याचा प्लॉटर

गाडीच्या काचांना फिल्म लावायची म्हणजे सकाळी चावी द्यायची आणि संध्याकाळी गाडी घेऊन यायची, बस्स! मलाही तसंच वाटायचं. पण फिल्म कापायची कशी? हातातल्या ब्लेडनं की कॉम्प्युटरवरच्या तयार पॅटर्ननं? या एका प्रश्नाच्या मागे लागले आणि बाणेरपासून नाना पेठेपर्यंत फिरून आले...

माझा उजवा हात डाव्या हातापेक्षा दोन शेड सावळा आहे. विनोद नाही, खरंच! फ्रीलान्सरचा अर्धा दिवस गाडीत जातो. सकाळी कोथरूडला इंटरव्ह्यू, दुपारी हिंजवडी, चारला कॅम्पात मीटिंग. उजव्या खिडकीतलं ऊन थेट कोपरावर. समोरची काच लॅमिनेटेड असते. दोन काचांच्या मधला प्लॅस्टिकचा थर बहुतेक अतिनील किरणं अडवतो. दाराच्या काचा सहसा टफन्ड असतात, त्यात असा थर नसतो. म्हणून टॅन होतो तो हात, तोंड नाही.

माझी गाडी म्हणजे २०१४ ची सेकंड हँड स्विफ्ट. आधीच्या मालकानं लावलेली फिल्म जांभळी पडली होती, वर फुगेही आले होते. (स्वस्त डाय केलेल्या फिल्मचं हेच होतं. काळा रंग उडतो, जांभळा उरतो.) घराजवळच्या एका दुकानात गाडी दिली. ‘‘जुनी काढून नवी मारून देतो मॅडम, तीन तासांत!’’ तीन तासांत गाडी मिळालीही. लांबून एकदम झकास दिसत होती.

मग जुलैमधली एक रात्र. साताऱ्याहून परतताना पाऊस, मागची काच धुकटलेली. डिफॉगर लावला. काच साफ झाली, पण मधोमध धुक्याचे दोन आडवे पट्टे तसेच! मागच्या ट्रकचे दिवे त्या पट्ट्यांत विरघळलेले. घरी येऊन टॉर्च लावून बघितलं तेव्हा कळलं. जुनी फिल्म खरवडताना दुकानातल्या मुलानं डिफॉगरच्या दोन तारा कापल्या होत्या. मग बाकीचंही दिसायला लागलं. दाराच्या काचेच्या कडेला उजेडाची वाकडी रेघ. काळ्या रबरी बीडिंगवर ब्लेडचा काप. दुकानात गेले तर उत्तर तयार होतं, ‘‘एवढं कोण बघतं, मॅडम?’’

मी बघते ना, बॉस!

तयार पॅटर्नचा फंडा

ऑफिसांतल्या मित्रमंडळींना विचारलं तर सरळ दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणाली, ‘‘कॉम्प्युटर कटच कर, गाडीवर ब्लेड लागूच द्यायचं नाही.’’ दुसरी म्हणाली, ‘‘हँड कट म्हणजे हँड कट! शिंप्यानं माप घेऊन शिवलेला शर्ट आणि रेडीमेड, फरक असतो की नाही?’’

पहिली फेरी बाणेरच्या एका डिटेलिंग स्टुडिओत. एसी रिसेप्शन, कॉफी मशीन, काचेपलीकडे चकाचक गाड्या. प्लॉटर सांभाळणारा मुलगा पंचविशीचा. टी-शर्टवर स्टुडिओचा लोगो, बोलणं मात्र पक्कं पेठेतलं. ‘‘ताई, कॉफी नंतर. आधी मीटर लावू.’’

काचेतून किती टक्के उजेड आरपार जातो ते सांगणारं हे छोटं यंत्र. माझ्या दारावर आकडा आला ३८.

‘‘पण मी तर ५० टक्क्यांची फिल्म घेतली होती!’’

‘‘फिल्म ५० ची. पण काच शंभराची नाही ना, ताई. कंपनीची काचच हिरवट असते, तुमची ७६ ची धरा. ७६ चे ५० टक्के किती?’’

३८. शाळेतलं गणित, पण दुकानात कुणी सांगितलं नव्हतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो की पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड जायलाच हवा. म्हणजे माझी गाडी चारही दारांना बेकायदा, आणि मागच्या काचेचं तर बोलायलाच नको. सगळी फिल्म पुन्हा काढायची होती.

‘‘आणि काळी म्हणजे थंड, हेही डोक्यातून काढा,’’ तो म्हणाला. उष्णतेचा मोठा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांतून येतो. चांगली सिरॅमिक फिल्म जवळपास पारदर्शक असूनही त्यातला बराचसा अडवते. डाय केलेली काळीकुट्ट फिल्म फक्त उजेड कमी करते आणि स्वतः तापते.

मग प्लॉटर. कपड्यांच्या दुकानातल्या लांबलचक इस्त्रीसारखा दिसतो. सॉफ्टवेअरमध्ये कंपनी, मॉडेल, वर्ष निवडायचं. स्क्रीनवर प्रत्येक काचेची बाह्यरेषा येते. ही मापं कुणीतरी, कुठेतरी खऱ्या गाडीवर घेऊन डिजिटल केलेली असतात आणि स्टुडिओ त्या लायब्ररीसाठी वर्गणी भरतो. सॉफ्टवेअर सगळे तुकडे एकमेकांत बसवून रोलवर मांडतं, म्हणजे फिल्म वाया कमी जाते. ब्लेडचा दाब सेट करायचा, बटण दाबायचं. घड्याळ लावून बघितलं. चार दारांची फिल्म सात मिनिटांत कापून झाली, कोपरे एकसारखे गोल.

‘‘सगळ्यात मोठा फायदा काय, सांगू? ब्लेड गाडीच्या जवळच येत नाही. बीडिंग कापायचा, काचेवर ओरखडा पडायचा प्रश्नच नाही.’’

‘‘म्हणजे हातानं कापणं संपलंच म्हणायचं?’’

तो हसला. ‘‘बाजूच्या काचांना संपलं. मागच्या काचेला मामा येतो.’’

मागची काच आणि मामा

हा ‘मामा’ म्हणजे त्याचा सख्खा मामा. नाना पेठेत, स्पेअर पार्ट्सच्या गल्लीत पंचवीस वर्षं फिल्म लावलेला माणूस. आख्खी गल्लीच त्याला मामा म्हणते. दुसऱ्या दिवशी गाठलं. वय साठीच्या आसपास, खिशाला जाडजूड चष्मा, हातात चहाचा कटिंग. दुकान आता दुसऱ्याचं आहे. मामा बाहेरच्या बाकावर बसतो आणि फोन आला की जातो.

‘‘मशीन वाईट नाही, पोरी,’’ त्यानं सुरुवातच अशी केली. मला वाटलं होतं, मशीनला शिव्या ऐकायला मिळतील! ‘‘मशीन सपाट कापतं. मागची काच सपाट असते का?’’

नसते. वाटीसारखी दोन्ही दिशांनी वळलेली असते. सपाट कागद फुटबॉलवर चिकटवून बघा, काय होतं ते. कडेला चुण्या येतात. मामा त्यांना ‘बोटं’ म्हणतो. फिल्म पॉलिएस्टरची असते आणि उष्णता लागली की आक्रसते. पण मुख्यतः रोलच्या लांबीच्या दिशेनं. दिशा चुकली तर ती चुणी कधीच बसत नाही. म्हणून फिल्म आधी काचेच्या बाहेरून टाकायची, लायनर आपल्याकडे करून. शाम्पूच्या पाण्यावर ती सरकते. सगळ्या चुण्या बोटांसारख्या कडेला गोळा करायच्या. मग हीट गन फिरवून एकेक बोट बसवायचं. कमी तापली तर चुणी राहते, जास्त तापली तर फिल्म जळते. फिल्म वाटीच्या आकाराची झाली की मग कडेनं ब्लेड. त्यानंतर लायनर सोलून आतून लावायची.

‘‘तयार पॅटर्न आधीच कापलेला असतो. तापवताना तो आक्रसला, जरा सरकला, की कड कमी पडणार. वाढवायची कुठून? म्हणून आधी बसव, मग काप.’’

मामानं पिवळ्या मुठीचं ब्लेड दाखवलं, टोक मोडून नवं काढायचं ते. स्टेनलेस स्टीलचं. साध्या कार्बन ब्लेडपेक्षा त्याचं टोक मऊ, म्हणून काचेवर ओरखड्याची भीती कमी. ‘‘एका काचेला किमान दोनदा टोक मोडायचं. बोथट ब्लेडला जोर लागतो आणि जोर लावला की काच ओरबाडते. तुझ्या दुकानातल्या पोरानं आठवडाभर एकच टोक वापरलं असेल.’’

या ब्लेडचीही एक गोष्ट आहे. जपानमधल्या ओसाका शहरात छपाईच्या धंद्यातल्या योशिओ ओकादा यांना बोथट ब्लेडचा वैताग आला होता. काचेचा तुटलेला तुकडा आणि खाचा पाडलेला चॉकलेट बार, या दोन गोष्टींवरून त्यांना कल्पना सुचली आणि १९५६ मध्ये मोडता येणारं ब्लेड तयार झालं. पुढे ‘ओल्फा’ ही कंपनी त्यातूनच आली. जपानीत ‘ओरु’ म्हणजे मोडणं, ‘हा’ म्हणजे पातं. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, ‘‘चॉकलेटवरून? पण माणूस हुशार.’’

२०१२ चा मे महिना

फोन आला की जाणारा मामा आधी स्वतःचं दुकान चालवायचा. तीन पोरं हाताखाली. मग २७ एप्रिल २०१२ ला अविषेक गोएंका प्रकरणात सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. कितीही टक्क्यांची असो, काचेवर काळी फिल्म लावायचीच नाही. ४ मेपासून अंमलबजावणी.

‘‘त्या मे महिन्यात दुकानासमोर लाइन लागली होती. लावायला नाही, काढायला! मीच लावलेल्या फिल्म मीच सोलल्या. पंधरा दिवस गल्ला भरला. मग एकदम शांत.’’ मामानं दुकान दिलं आणि दोन वर्षं टेम्पो चालवला. भाचा तेव्हा शाळेत होता.

पुढे नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’ म्हणजे आतून प्लॅस्टिकचा थर असलेली काचही नियमात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टानं त्यावर बोट ठेवून सांगितलं की ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मसाठी दंड करता येणार नाही. पण तो निकाल केरळचा. आपल्याकडे चौकात वाद पूर्ण मिटलाय, असं समजून वागू नका. आकडा पाळा आणि कागद गाडीत ठेवा.

धंदा असा हळूहळू परतला, पण वेगळ्या कपड्यांत. एसी रिसेप्शन, कॉफी मशीन, प्लॉटर. मामानंच भाच्याला स्टुडिओत चिकटवलं. ‘‘म्हटलं, मशीन शिक. माझ्यासारखं बाकावर बसू नको.’’

दोन मिलिमीटर

शनिवारी गाडी स्टुडिओत दिली आणि मी तिथेच ठाण मांडलं. आधी जुनी फिल्म. मामानं ब्लेड हातात घेतलंच नाही. वाफेचं मशीन, साबणाचं पाणी आणि पेशन्स. मागची फिल्म उतरवायला पाऊण तास लागला, पण आख्खी एका तुकड्यात निघाली. तुटलेल्या तारांवर भाच्यानं चांदीचा वाहक रंग बारीक ब्रशनं भरला.

मग दारं. प्लॉटरचे तुकडे पुढच्या दोन दारांना असे बसले की बघत राहावं. उजवं मागचं दार, परफेक्ट. डावं मागचं... कडेला दोन मिलिमीटर उजेड.

भाच्यानं पॅटर्न तपासला. मॉडेल बरोबर, वर्ष बरोबर. मामानं चष्मा नाकावर चढवला आणि काचेच्या खालच्या कोपऱ्यातला शिक्का बघितला. ‘‘ही काच मूळची नाही. बाकीच्यांचा शिक्का बघ, हिचा वेगळा. गाडी ठोकलेली आहे.’’

मला गाडी विकणाऱ्यानं ‘नॉन-अॅक्सिडेंटल’ म्हणून शपथ घेतली होती! सॉफ्टवेअरला कंपनीची काच माहीत असते. तुमच्या गाडीला मधल्या काळात काय काय झालंय, ते माहीत नसतं. ती एक काच मामानं हातानं कापली. काच दोन बोटं खाली घेऊन वरची कड मोकळी केली, बाहेरून फिल्म टाकली, एका श्वासात ब्लेड फिरवलं. कड बारीक घासली. आतून लावली. मी मोबाइलचा टॉर्च लावून रेघ शोधली. सापडली नाही.

मीटरवर दारांचा आकडा आला ५३. बाजूला लावलेली फिल्म ७० ची होती. ७६ चे ७० टक्के, करा गणित!

उरली मागची काच. तिथे ७० ची अट, म्हणून जवळपास पारदर्शक, ९० ची फिल्म. मामानं हीट गन उचलली आणि भाच्याकडे धरली.

‘‘तू कर.’’

भाचा गडबडला. दोन वर्षांत शेकडो दारं केली, पण मागची काच एकट्यानं कधीच नाही. नंतर कळलं. स्टुडिओची वाकडला नवी शाखा निघतेय, मालक याला तिथे इनचार्ज करायच्या विचारात आहेत. पण मागची काच न येणारा इनचार्ज काय कामाचा? आणि दुसरी बाजू अशी, की मामाला स्टुडिओतून फोन येतो तो फक्त मागच्या काचेसाठी. भाचा शिकला की तो फोनही बंद.

मामा माझ्याकडे वळला. ‘‘पोरी, गाडी तुझी आहे. नाही म्हणालीस तर मी करतो. पण माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. किती दिवस मीच करणार?’’

खरं सांगू? मनात पहिलं आलं ते ‘नाही’च. डिफॉगरचे ते दोन पट्टे आठवले. प्रयोगाला माझीच गाडी का? मग विचार केला, मागच्या वेळी ज्यानं केलं त्याच्या शेजारी कुणीच उभं नव्हतं. इथे मामा उभा होता. म्हटलं, ‘‘करू दे.’’

पहिली फिल्म वाया गेली. उजव्या कोपऱ्यातलं बोट बसेना म्हणून भाच्यानं गन जवळ नेली आणि फिल्म करपून सुरकुतली. त्याचा चेहरा पडला. मामा काही बोलला नाही. करपलेली फिल्म गोळा करून बाजूला टाकली आणि नवी कापून आणली. दुसऱ्या वेळी फक्त दोन शब्द, ‘‘लांबून... हलव.’’ चाळीस मिनिटांनी सगळी बोटं बसली. भाच्यानं ब्लेडचं टोक मोडलं, कडेनं फिरवलं, अर्ध्यात पुन्हा मोडलं. आतून लावताना पाणी काढायला आणखी अर्धा तास. मीटरवर ७१.

वाया गेलेल्या फिल्मचे पैसे मामानं स्वतःच्या नावावर लिहायला सांगितले. मी अर्धे द्यायला गेले तर म्हणाला, ‘‘ही त्याची फी आहे, तुझी नाही.’’

तीन दिवस काचा खाली घ्यायच्या नाहीत, या बोलीवर गाडी घरी आणली. ब्रेकलाइटजवळ एक बारीक ठिपका राहिलाय, शोधला तरच दिसतो. पुढच्या पावसात डिफॉगर लावला, काच वरपासून खालपर्यंत साफ.

तेव्हा माझा निकाल काय? बाजूच्या काचांना प्लॉटर, मागच्या काचेला हात आणि प्लॉटरच्या शेजारी हातानं कापता येणारा माणूस असेल तरच गाडी द्यायची. दहा दिवसांनी भाच्याचा मेसेज आला, ‘‘ताई, आज दुसरी मागची काच केली. एकाच फिल्ममध्ये झाली. मामा नव्हता.’’

मी लगेच मामाला फोन लावला. म्हणाला, ‘‘मला आधीच सांगितलं त्यानं. फोटो पाठवलाय, पण या डोळ्याला फोटोत काय दिसणार? उद्या जाऊन बघून येतो.’’

चावी देण्याआधी...

- मीटर आधी, फिल्म नंतर. रिकाम्या काचेचा आकडा मोजून घ्या. काच गुणिले फिल्म, हा खरा आकडा. बाजूला ५०, पुढे-मागे ७०.
- शिक्के बघा. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातले शिक्के जुळतात का? एखादी काच बदललेली असेल तर आधीच सांगा, तयार पॅटर्न चुकू शकतो. (सेकंड हँड गाडी घेतानाही हे बघा. मी बघितलं असतं तर!)
- मागची काच कोण करणार? हा प्रश्न थेट विचारा. तो माणूस समोर उभा करायला सांगा.
- जुनी फिल्म कशी काढणार? ‘वाफेनं’ असं उत्तर आलं तर छान. डिफॉगर असलेली काच ब्लेडनं खरवडणार असतील तर नमस्कार करा आणि निघा.
- पेंटवरच्या फिल्मचा हट्ट वेगळा. पेंट प्रोटेक्शन फिल्म गाडीवर ठेवून कापली तर ब्लेडची रेघ क्लिअर कोटमध्ये उतरू शकते. तिथे तयार पॅटर्नलाच पहिली पसंती द्या.
- बिलावर सगळं लिहून घ्या. फिल्मचं नाव, टक्केवारी, वॉरंटी. कागद डॅशबोर्डच्या खणात ठेवा.